अप्पा काही पडेनात

स्वातंत्र्यलढ्यात मी इंग्रजांच्या बाजूने होतो. एकच दिवस; सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण धरून.

झालं असं, की उलव्याजवळच्या मोकळ्या मैदानात बेचाळीसच्या चळवळीवरच्या एका सिनेमाचं शूटिंग लागलं आणि गर्दीसाठी माणसं हवी होती. आम्ही जुईनगरचे, मूळचे साताऱ्याकडचे. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मार्केटात आयुष्यभर पाठीवर गोण्या वाहिल्या. सिनेमाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. पण बेचाळीस म्हटल्यावर उठलेच. माझे आजोबा तेव्हा कचेरीवरच्या मोर्चात होते. लाठ्या खाल्ल्या, पण झेंडा घेऊन उभेच राहिले. ही गोष्ट गावाला ठाऊक, सरकारला नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या एकाही यादीत त्यांचं नाव नाही आणि ते अप्पांना आजही सलतं.

"कागदावर न्हाई तर न्हाई," अप्पा म्हणाले. "पडद्यावर तरी दिसू दे, आमचा बाप कसा हुबा व्हता त्ये."

सेटवर अप्पांना धोतर, टोपी आणि झेंडा मिळाला. मला मिशी असल्यामुळे (हे कारण मला अजून पटलेलं नाही) हवालदाराची खाकी हाफपँट मिळाली. तीही दोन मापं लहान. आणि नेमका मी उभा राहिलो अप्पांच्या समोर.

"सिंपल आहे," असिस्टंट डायरेक्टर म्हणाला. "ॲक्शन म्हटलं की हवालदार मारणार, पब्लिक पडणार. ओके ना काका?"

ॲक्शन झाली. मी फोमची लाठी हाणली. सगळी पब्लिक पडली. अप्पा उभे.

"कट! काका, लाठी बसली की पडायचं."

"बसली व्हय? कळलंच न्हाई."

दुसऱ्या टेकला जरा जोरात हाणली. अप्पा उभे. तिसऱ्यालाही उभे. (पडलेल्या पब्लिकमधून कोणीतरी कण्हलं, "काका, पाठ भाजतेय, पडा की.") असिस्टंट माझ्यावरच उखडला, "बॉस, तू मारतोयस की धूळ झटकतोयस?"

मी अप्पांच्या कानाशी लागलो. "अप्पा, एकदाच पडा ना. नाहीतर काढून टाकतील तुम्हाला."

"काढू देत. माझा बाप खऱ्या लाठ्यांनी पडला न्हाई, आन् मी ह्या गादीच्या तुकड्यानं पडू? तू मार. तुझ्या आजाची शपथ हाय तुला."

चौथा टेक. आता मीही पेटलो होतो. लाठी उगारून धावलो आणि माझा बूट अप्पांच्या पायावर पडला. वडीलधाऱ्यांना पाय लागला की काय करायचं, हे आईने लहानपणीच माझ्या अंगात भिनवलंय. मी लाठी टाकली, वाकलो आणि अप्पांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. इंग्रजांचा हवालदार, भर लाठीमारात! अप्पांनीही सवयीने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी ऱ्हा."

आम्हा दोघांना जेवायला पाठवलं, ते परत बोलावलंच नाही. घरी येताना रिक्षात अप्पा तोंड फिरवून बाहेरच बघत बसले. मला फार वाईट वाटलं. माझ्या वेंधळेपणामुळे आजोबा या यादीतूनही गेले, असंच मी धरून चाललो.

तरी सिनेमा लागल्यावर अप्पांनी खारघरची तिकिटं काढायला लावलीच. पडद्यावर लाठीमार सुरू झाला. धडाधड सगळे पडले आणि त्या धुळीत एकटे अप्पा उभे, हातात झेंडा, पायाशी वाकलेला हवालदार. (हवालदाराचं मन पालटलं, असा अर्थ लोकांनी काढला.) थिएटरात टाळ्या पडल्या. तसे अप्पा खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले.

"ओ काका, बसा ना खाली," मागून एकजण ओरडला.

अप्पा वळले. "तवा पडलो न्हाई, आता तुमच्या म्हणण्यानं बसू?"

मला रडूच आलं.

मागचा माणूस खुर्चीत मागे रेलला. मग बायकोला हळूच म्हणाला, "म्हातारा भारी आहे. पण तो पायाशी बावळट कोण?"

मी खुर्चीत खाली सरकलो. माझी आठ वर्षांची सई मात्र अप्पांच्या शेजारी तशीच ताठ उभी राहिली आणि सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ते बावळट माझे पप्पा आहेत."