दोन बंदुका आणि पाणीघराची वाट

येरेमियासने दुधाच्या पावडरीचे डबे बाजूला सारले आणि काउंटरवर दोन बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या. हान्सिनेने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"चावत नाहीत त्या," येरेमियास म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"मग हात लाव की. दुकान उघडल्यापासून लोक तेवढंच बघायला थांबलेत."

खरंच थांबले होते. लोकरी मोज्यांच्या ढिगाशी बार्नाबास आजोबा बसले होते. त्यांना मोजे नको होते, नुसती गंमत हवी होती. हान्सिनेची नणंद आमालिए दाराला टेकून उभी होती. वस्तीत बायकांमध्ये तिच्याइतका अचूक नेम कोणाचा नाही, आणि पुरुषांतले निम्मे तिच्यासमोर नेमाची गोष्टच काढत नाहीत.

"उशी पण घे गं बंदुकीला," आजोबा म्हणाले. "पुन्हा गादीवर झोपवणार असशील तर."

लोक हसले. हान्सिने हसली नाही. हसावं अशी ती गोष्ट नव्हतीच.

हान्सिने पाणीघराची राखणदार. वस्तीत नळ नाहीत. वरच्या तळ्याजवळ पाणीघर आहे, तिथून लोक डबे भरून नेतात, आणि ते सकाळी उघडायचं, पाइपांतला बर्फ वितळवायचा, दार झाडायचं हे काम तिचं. हिवाळ्यात ती वाट अंधारातच चालावी लागते. पाणीघराच्या पलीकडे उकिरडा, आणि उकिरड्यावर पांढरी अस्वलं. पूर्वी वर्षातून एखादं दिसायचं, आता समुद्रावरचा बर्फ धड टिकत नाही म्हणून ती वस्तीच्या कडेला घोटाळतात. शाळेच्या पोरांसाठी वस्तीच्या समितीने बंदूकवाला माणूस ठेवला. पाणीघरासाठी काय दिलं? एक छापील कागद. ‘एकट्याने जाऊ नये.’ ज्याने तो लिहिला त्याच्या घरात नळ असणार, एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही.

नवरा एनोक गेल्यापासून हान्सिने त्याची बंदूक घेऊन जायची. पण भीती वाटेवरच थांबत नाही, ती माणसाच्या पाठोपाठ घरात येते. मग तिने बंदूक पडवीतून उचलली आणि बिछान्याशेजारी ठेवली. गार लोखंड उबेत आलं की त्याला घाम सुटतो आणि पुन्हा थंडीत नेलं की तो घाम आतल्या आत गोठतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं, तिलाही कळत होतं. पण हाताशी बंदूक असल्याशिवाय तिचा डोळा लागत नव्हता.

मग एका सकाळी ती पाणीघराचं दार उघडत असताना समोर अस्वल उभं राहिलं. तिने बंदुकीचा बोल्ट, काडतूस आत ढकलायचा दांडा, ओढला. तो हलला नाही. पुन्हा ओढला. ती आत घुसली, दार लावलं, आणि पाइप ठोकायच्या हातोडीने बोल्ट ठोकत बसली, त्याची मूठ तुटेपर्यंत. बाहेर ते जनावर दाराला नाक लावून फुसफुसत होतं. लोक आले तेव्हा अस्वल निघून गेलं होतं आणि हान्सिनेच्या हातात तुटकी मूठ होती.

त्या दिवसापासून ती वर गेली नव्हती. समितीच्या अध्यक्षाने घरी येऊन गोड आवाजात सांगितलं, "सोमवारी उघड, नाहीतर किल्ली दे. कोणी जबरदस्ती करत नाही." किल्ली दिली की काम गेलं, आणि या वस्तीत काम गेलेल्या बाईला दक्षिणेला लेकीच्या सोफ्यावर जाऊन पडावं लागतं. हान्सिनेला तो सोफा अस्वलापेक्षा थोडाच कमी भयंकर वाटत होता.

"बघ," येरेमियास म्हणाला. "काडतूस दोघींना एकच. नळी तेवढीच. वजनात फरक पावाच्या तुकड्याएवढा. सख्ख्या बहिणीच म्हण. ही काळी, प्लास्टिकचा दस्ता, गंज नाही धरत. काडतुसं खालच्या पेटीत भरायची आणि पेटी आत सरकवायची, टक् करून बसते. ही लाकडी. हिला पेटी नाही, वरून एकेक टाकायची."

"काळी घे वहिनी," आमालिए म्हणाली. "घरात शिरण्याआधी पेटी काढली की झाली रिकामी. लाकडाला काय, फक्त फोटोत शोभतं."

"लाकूड गालाला गार लागत नाही," आजोबा म्हणाले.

"आजोबा, तुमच्या गालाला आता काय लागतं?"

हान्सिनेने अखेर काळी उचलली. बोल्ट मागे-पुढे केला. लोण्यासारखा सरकला. लाकडीचाही सरकला. तिने दोन्ही खाली ठेवल्या.

"इथे सगळ्याच सरकतात," ती म्हणाली. "बाहेर टांगा. थंडी खाऊ देत दोघींना."

येरेमियासने कुरकुर केली, नवा माल आहे म्हणाला, पण आमालिएने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि बंदुका दुकानाबाहेरच्या फळ्यांच्या ओट्यावर खिळ्यांना टांगल्या गेल्या.

दुपारी हान्सिने आणि आमालिए परत आल्या. आकाशाला कडेने जरासा उजेड फुटला होता, तेवढाच या दिवसांत दिवस. हान्सिनेने सीलच्या कातड्याचे जाड हातमोजे चढवले आणि दोन्ही बोल्ट ओढून पाहिले. दोन्ही सरकले. काळीची पेटी चार वेळा काढली, घातली. टक्, टक्.

"झालं तर मग. काळी," आमालिए म्हणाली.

"तू उभी आहेस ना शेजारी. तू असताना माझे हात शहाणे असतात."

"मग काय, अस्वल आणू तुझ्यासाठी?"

"काडतुसं आण. खाली किनाऱ्यावर डब्यावर मारून बघते."

आमालिए हसत आत गेली. काउंटरवर काडतुसांचा एक उघडा खोका होता, तो तिने दारातूनच बाहेर दिला, आणि येरेमियासशी कशावरून तरी हुज्जत घालत पुन्हा आत वळली.

हान्सिने खोका ओट्याच्या कठड्यावर ठेवत होती तेव्हा खाली बांधलेल्या बर्फगाडीच्या कुत्र्यांचा आवाज बदलला. भुंकणं थांबलं आणि नुसत्या साखळ्या खळखळायला लागल्या. तिने वर बघितलं. मासे वाळवायच्या मांडवाखालून ते बाहेर आलं. पिवळट, ओलं, मान खाली घातलेलं. घाईत नव्हतं. ते ओट्याकडेच चालत होतं.

तिला ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. दार पाठीमागे चार हातांवर होतं आणि पाय फळीला खिळले होते. हातात आली ती काळी, कारण ती जवळ होती. तिने बंदुकीची पेटी काढली. एक काडतूस आत गेलं, दुसरं आडवं अडकलं. ते काढताना पेटी हातमोज्यातून निसटली, फळ्यांच्या फटीतून खाली गेली आणि मऊ बर्फात गडप झाली. टक् नाही, काही नाही.

अस्वल थांबलं. त्याने नाक वर केलं आणि तिचा वास घेतला.

तिने काळी टाकून दिली. लाकडी ओढून घेतली, बोल्ट मागे केला. वरचं तोंड उघडंच होतं, कटोरीसारखं. त्यात नुसतं एक काडतूस सोडलं. बोल्ट पुढे, खाली. नेम वगैरे काही नव्हता. डोळेही बहुधा मिटले असतील. बार झाला, खांद्याला लाथ बसली आणि मांडवाच्या खांबाची एक ढलपी उडाली.

अस्वलाने खांबाकडे पाहिलं. मग वळलं आणि किनाऱ्याकडे, तिथून बर्फावर, जड पावलांनी धावत सुटलं.

तेवढ्यात दुकान ओट्यावर लोटलं. आमालिएने तिच्या हातून बंदूक काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण बोटं सुटेनात. खालून दोन शिकारी बर्फगाड्यांना कुत्री जुंपत ओरडत होते, आणि ओरडून विचारत होते ते एकच:

"कोणी बघितलं? पहिल्यांदा कोणी बघितलं?"

"हान्सिनेने," आजोबा ओरडले. "आणि मांडवही मारला तिने."

इथे अस्वल ज्याच्या नजरेला आधी पडतं त्याचं असतं, मारो कोणीही. शिकारी गेले, उजेड संपायच्या आत परतले, आणि कातडं हान्सिनेच्या दारात आणून टाकलं. लोक मांसाचा वाटा न्यायला आले, तिच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायले, अस्वलाच्या मालकिणीचं अभिनंदन करून गेले. ती प्रत्येकाशी नीट बोलली. कप मात्र तिने एकही भरला नाही. कॉफी आमालिएने ओतली.

"अजूनही सांगते, काळी वाईट नाही," आमालिए म्हणाली. "महिनाभर सराव केलास की डोळे मिटून पेटी भरशील."

"डोळे मिटलेलेच असतात माझे. आणि सोमवार महिन्यावर नाही."

"बरोबरच आहे म्हणा," दारातून येरेमियास म्हणाला. तोही कॉफीला आलाच होता. "लाकडी तिचीच. पण त्या काळीचं मी काय करू? पेटीशिवाय कोण घेईल?"

"बर्फ वितळला की सापडेल," हान्सिने म्हणाली. "तोवर फोटो काढून ठेव."

सोमवारी अंधारात ती निघाली. लाकडी बंदूक रात्रभर पडवीत, खिळ्याला होती. ती शेजारी नसताना हान्सिनेला झोप लागली नव्हती, आणि ती खांद्यावर आली म्हणून वाट छोटीही झाली नाही. वस्तीच्या टोकाशी वाटेच्या कडेला काहीतरी हललं. कावळा निघाला. तरीही ती थांबली. मागे दिवे दिसत होते, पंधरावीस पावलांत पहिलं घर गाठता आलं असतं.

तेव्हा तिने बोलायला सुरुवात केली. मोठ्याने, कोणालाही ऐकू जाईल असं. आधी अस्वलांना उद्देशून, की मी येतेय, बाजूला व्हा. मग अध्यक्षाला, त्याच्या गोड आवाजाला, त्या छापील कागदाला, तो लिहिणाऱ्याच्या नळाला. एकदा तोंड सुटलं तसे पायही सुटले. आवाज मध्येच फाटत होता, तरी ती थांबली नाही.

खाली घराघरांत लोकांनी अध्यक्षाच्या नावाने चाललेला तो शिव्यांचा पट्टा वर वर जाताना ऐकला आणि पाण्याचे डबे बाहेर काढले.