मोहरी ऐकू आली की हात वर

पद्माकरकाका चहाचा कप ओल्या फडक्यावर ठेवतात, टेबल हलत असल्यासारखा.

लिफ्टमध्ये शिरले की डाव्या भिंतीला चिकटून उभे राहतात. जेवायला टेबलाच्या डाव्या टोकाला बसतात. चालताना माझ्या डावीकडून चालतात. मध्ये खांब आला तर वळसा घालून परत डावीकडेच येतात.

वॉशिंग मशीन सुरू झालं की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवतात आणि मूठ उजव्या कानामागच्या हाडावर दाबून धरतात.

काही विचारलं की आधी तोंडाकडे बघतात.

नट आवळून झाला की पिवळ्या मार्करनं त्यावर बारीक रेघ ओढतात. अर्धी रेघ नटावर, अर्धी खालच्या धातूवर. नट जरा जरी सैल झाला तरी रेघ तुटलेली दिसते. घरातल्या पंख्यावर अशा रेघा आहेत. संजीवनीकाकूंच्या कुकरच्या मुठीवरही एक आहे.

हे सगळं मी पहिल्या दोन महिन्यांत वहीत लिहून ठेवलं होतं. त्यातल्या निम्म्या गोष्टींचा अर्थ मला जुलैतल्या एका शनिवारी, मलेशियाच्या हायवेवर कळला.

मी पुण्याहून मराठीत एम.ए. करून मलेशियाशेजारच्या ह्या बेटावर, इथल्या विद्यापीठात पुढे शिकायला आले. क्लेमेंटीत काका-काकूंच्या फ्लॅटमधली मागची खोली भाड्यानं घेतली. काका सत्तावन्न वर्षांचे. पंचवीस वर्षं जहाजांच्या इंजिनांवर, शेवटची नऊ चीफ इंजिनिअर म्हणून. आता इथल्या एका दुरुस्ती यार्डात नोकरी.

आणि गाडी.

बाहेरून ती भाजी आणायला निघालेल्या माणसाची गाडी दिसते. राखाडी, चार दारांची, जपानी. बॉनेट उघडलं की वेगळंच. काकांनी तिचं इंजिन सुटं करून आत जास्त ताकदीचे पिस्टन घातले होते आणि मूळच्यापेक्षा मोठा टर्बो बसवला होता. पहिल्या दिवशी त्यांनी मला समजावलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, तो पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. त्या कोंबण्याला बूस्ट म्हणतात.

"जहाजावर हाच पंखा माझ्या छातीएवढा असतो," ते म्हणाले. "तो मी झोपेतही उघडू शकतो. हा चिमणीएवढा. ह्यानं मला आठ वर्षं रडवलं."

इथल्या रस्त्यावर असा टर्बो चालत नाही. म्हणून तपासणीच्या तारखेआधी काका सगळं मूळचं परत बसवायचे, तपासणी झाली की पुन्हा काढायचे. मूळचे भाग घरात असायचे. आमच्यासारख्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची एक छोटी खोली असते, युद्ध झालं तर लपायला. सगळे तिथे सामान ठेवतात.

"माझी लोणच्याची बरणी ओट्यावर आणि ह्यांचा सायलेन्सर बॉम्ब शेल्टरमध्ये," काकू मला म्हणाल्या. "उद्या बॉम्ब पडला तर सायलेन्सर तेवढा वाचेल."

"लोणचं फुटलं तर दुसरं घालता येतं," काका म्हणाले.

"ऐकलंस? आणि बायको?"

काकांनी कुकरच्या मुठीवरची रेघ तपासली.

गाडी बाळगण्याचा इथला परवाना दहा वर्षांचा असतो. त्याला सगळे सीओई म्हणतात. काकांच्या गाडीचा सीओई एकतीस जुलैला संपणार होता. तो पुढे वाढवायचा नाही, असं काकूंनी सांगून टाकलं होतं. गाडी मोडीत जाणार. त्याआधी काकांना एकच गोष्ट हवी होती. मलेशियातल्या सेपांगच्या रेसच्या ट्रॅकवर, सरळ पट्ट्यात, एकदा पूर्ण बूस्ट. आठ वर्षांत त्यांनी तो कधी दिला नव्हता.

"का नाही दिला?"

"मोहरीसाठी."

इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटलं तर बारीक आवाज येतो. तडतड. तेलात मोहरी पडावी तसा. तो ऐकून पाय उचलला नाही तर पिस्टनला भोक पडतं. दोनशेच्या वेगात पडलं तर पुढचं सांगायला नको. गाडीत त्यासाठी सेन्सर असतो, पण काकांचे नवे पिस्टन मुळातच खडखड करायचे. सेन्सरला त्यातली मोहरी ओळखता येत नव्हती. म्हणून काकांनी तांब्याची नळी ठोकून चपटी केली, इंजिनाला नटानं जोडली, तिला रबरी नळी लावली, ती गाडीच्या आत आणली आणि कानांवर घालायच्या जाड टोप्यांत सोडली.

टोप्या माझ्यासाठी होत्या.

"तुम्ही का नाही घालत?"

"चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा. तू साहित्यवाली. एक मात्रा चुकली तर तुला कळते. मोहरी ऐकू आली की हात वर. गाडीत बोलायचं नाही."

काका जिथे गाडीवर काम करायचे त्या वर्कशॉपमध्येही माझं एक काम होतं. नट आवळायच्या रेंचवर ताकद ठरवून ठेवता येते. तेवढी झाली की रेंच टक करतो. मी उलट्या क्रेटवर बसून टक झालं की "टक" म्हणायचं. मग काका रेघ ओढायचे. एकानं आवळायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, अशी जहाजावरची रीत आहे म्हणाले. मला खरं वाटलं.

जून संपेपर्यंत माझी झोप बिघडली. वर्गात बसले तरी कान तडतड शोधायचे. एकदा काकूंनी आमटीला फोडणी दिली आणि माझा हात वर गेला. काकू कितीतरी वेळ हसत होत्या. काका हसले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली, शाबास म्हणाल्यासारखी.

बारा जुलैला आम्ही सेपांगला गेलो. ही तालीम होती, बूस्ट तीन चतुर्थांश. खरी दौड पुढच्या शनिवारी, एकोणीसला.

तिकडचं स्वस्त पेट्रोल कोणी भरून आणू नये म्हणून इथून सीमेपलीकडे जायचं तर टाकी किमान पाऊण भरलेली लागते. बाकीचे लोक तोच काटा बघतात. काकांनी मात्र टाकी बरोबर पाऊणच भरली. जास्त पेट्रोल म्हणजे जास्त वजन. ट्रॅकवर सगळं नीट झालं. माझ्या कानांत इंजिन खणखणत होतं, मोहरी नव्हती. परतायच्या आधी काकांनी तिथे पेट्रोल भरलं. ते आमच्याकडच्यापेक्षा एक पायरी हलकं, म्हणजे लवकर पेटणारं होतं. टाकीत जुनं बरंच उरलंय, असा त्यांचा हिशेब होता. तेवढं उरलं नव्हतं.

हायवेवर ते म्हणाले, "टोप्या घाल. एकदा बघू."

पुढे ताडाची फळं भरलेला ट्रक होता. काकांनी उजवी लेन घेतली आणि पाय दाबला. टर्बोची शिट्टी वर चढली. तिच्या खालून मोहरी आली. आधी एक दाणा. मग मूठभर.

मी हात वर केला. काकांची नजर ट्रकवर होती.

"काका, मोहरी!"

पाय उचलला नाही.

"काका, सोडा! सोडा!"

त्यांच्या चेहऱ्यावर घाबरल्याचं काही नव्हतं. ते मजेत होते. मी हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. गाडी झोकांडी खाऊन ट्रकच्या पुढे गेली आणि मंदावली.

"काय करतेस! मरायचंय का?" ते ओरडले. "तोंडानं ओरडायचं ना!"

"मी ओरडले. तीनदा."

त्यांनी डावी लेन घेतली. चालवणारा उजवीकडे बसतो, शेजारचा डावीकडे. फक्त गाडीतच मी त्यांच्या डाव्या बाजूला असायची. मला वही आठवली. लिफ्ट. टेबलाचं टोक. खांब.

पुढच्या विश्रांतीच्या थांब्यावर त्यांनी दोन कॉफी आणल्या आणि माझ्या डावीकडे येऊन बसले.

"डावा कान गेला, त्याला सात वर्षं झाली," ते म्हणाले. "उजव्याचं बारीक सगळं गेलंय. पक्षी नाहीत. मोबाइलची रिंग नाही. जहाजाचा भोंगा येतो."

"मोहरी?"

"नाही."

"टक?"

त्यांनी आपली बोटं उलटसुलट करून बघितली. "आधी हाताला तरी कळायचं. आता बोटंही बधिर झालीत. पंचवीस वर्षं थरथरणारी अवजारं धरली ना."

"मशीन का नाही लावत कानात?"

"यार्डात कळेल. मग जहाजावर पाठवणार नाहीत. कागद चिवडत बसावं लागेल."

"काकूंना माहीत आहे?"

"ती माझ्या उजवीकडे झोपते," ते म्हणाले.

मी कॉफी प्याले नाही. म्हटलं, "पुढच्या शनिवारी मी येणार नाही."

"एकच दौड, इरा. साधी अकरा सेकंदं."

"माझ्याकडून चुकलं तर?"

"तर मला कळणारही नाही." ते हसले. मला हसू आलं नाही. मग ते म्हणाले, "ठीक आहे. मी एकटा जाईन."

तो आठवडा मी कसा काढला ते नीट आठवत नाही. सोमवारी काकूंना सांगायचं ठरवलं, पण त्या हसत दारात उभ्या होत्या, राहून गेलं. मंगळवारी मोहरीनं काही बिघडलंय का ते बघायला काकांनी टर्बो उतरवला. बुधवारी जेवताना मी विचारलं, "जाणारच का?" त्यांनी तोंडाकडे बघितलं आणि आमटी वाढून घेतली. गुरुवारी ते टर्बोच्या सांध्यात बसणारी नवी चकती, गॅस्केट, घेऊन आले. ती बसवली, चार नट आवळले की गाडी तयार.

शुक्रवारी तास अर्धवट सोडून मी वर्कशॉपला गेले. बसमध्ये मनात एकच होतं. बरोबर जायचं. घाबरत का होईना. मोहरी मी ऐकली नाही तर कोणीच ऐकणार नाही.

वर्कशॉपचा मालक लिम पंख्यासमोर नूडल्स खात होता.

"अंकल गो होम ऑलरेडी," तो म्हणाला.

गाडीचं बॉनेट उघडं होतं. टर्बो जागेवर होता. त्याला धरणारे चार नट. तीन नटांवर पिवळी रेघ, ताजी. चौथा कोरा. मी वाकून दोन्ही बाजूंनी बघितला.

रेंच पेटीत होता. काका तो पेटीत फक्त काम कायमचं संपलं की ठेवायचे, आतली ताकद शून्यावर आणून. मी दांड्यावरचे आकडे बघितले. शून्य. क्रेटवर पिवळा मार्कर होता. तो मी पिशवीत टाकला.

घरी काका घेवडा निवडत बसले होते. मी त्यांच्या उजवीकडे गेले.

"काका, चौथा नट."

"टक झालं असेल," ते म्हणाले. "नसेलही. तीन वेळा फिरवला."

"मग?"

"आणखी फिरवला असता तर तुटला असता."

"आधीचे तीन?"

"लिमला उभा केला होता. त्याचा फोन आला, तो बाहेर गेला."

"मी येते ना. आत्ता जाऊ. मी ऐकते."

त्यांनी घेवड्याची शीर ओढली. ती मध्येच तुटली. दुसऱ्या टोकानं ओढली.

"काय कुजबुज चाललीय?" काकू आतून म्हणाल्या.

काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. काकू काय म्हणाल्या ते मी सांगितलं.

"काही नाही," ते आतल्या दिशेनं जरा मोठ्यानं म्हणाले. "उद्या घरीच आहे मी."

काकू दारात आल्या. हातात झारा. काकांकडे बघून परत आत गेल्या.

त्यानंतर काका वर्कशॉपला गेले नाहीत. गाडी मोडीत न्यायला ट्रक आला तेव्हाही नाही. किल्ली माझ्या हातात दिली, म्हणाले, सही करून ये.

ट्रकवाल्यानं किल्ली घेतली. "मिस, कॅन स्टार्ट ऑर नॉट?"

मी नको म्हटलं. बॉनेट उघडून रेघ नसलेल्या नटाकडे बोट दाखवलं. तो वाकला.

"वन नट ओन्ली, लाह," तो म्हणाला, एवढंच ना अशा सुरात.

मी मार्करचं टोपण काढलं. परत लावलं. तो नट आवळलेला होता की नाही, ते मी ऐकलं नव्हतं. ट्रकवाल्यानं बॉनेट बंद केलं, गाडीला हुक लावला आणि वर ओढायला सुरुवात केली.