उस्तादांच्या नावाची पट्टी

उस्तादांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे एकतीस वर्षं फुंकणी तोंडाला लावून उभा राहिलेला माणूस, त्याला दुसरं काय म्हणणार? माणूस तसा भलता हेकेखोर. चहा गार मिळाला तरी भांडणार, कौतुक केलं तरी भांडणार. पण वितळलेल्या काचेचा गोळा फुंकायला लागले की आजूबाजूचे हातातलं काम थांबवून बघत राहायचे.

मग भट्टीवाल्यांसाठी त्या पट्ट्या आल्या. ग्राफीनच्या. "पेन्सिलीत असतं ना, त्याचाच एक थर. केसाहून कितीतरी पातळ," असं कारखान्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरने समजावलं. दर सोमवारी नवी पट्टी घ्यायची, छातीवर चिकटवायची आणि आठवडाभर विसरून जायची. ती कातडीबरोबर ताणली जायची, घामाने सुटायची नाही, आणि काळजाचा प्रत्येक ठोका भट्टीजवळच्या फलकावर पाठवायची. नावापुढे हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे जपा. लाल लागला की त्या माणसाची भट्टी सुटली, उरलेली नोकरी गेटवरच्या खुर्चीत.

उस्तादांनी पहिली पट्टी छातीला न लावता खिशातून घरी आणली. महिन्यापूर्वीच बाहेरच्या एका डॉक्टरने त्यांना सांगितलं होतं की तुमचे ठोके मधेच चुकतात. ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. ती त्याच कारखान्यात, आवारापलीकडच्या पॅकिंगच्या खोलीत ग्लास कागदात गुंडाळून खोक्यांत भरायची. तिथे भट्टी नाही, म्हणून पट्ट्याही नाहीत.

"गेटवर बसलो तर आठवड्यात मरेन मी," उस्ताद म्हणाले.

"आणा इकडे ती पट्टी," बायको म्हणाली. "तुमच्याशी संसार करून माझं काळीज दगडाचं झालंय. त्याला काही होत नाही."

तेव्हापासून उस्तादांची पट्टी बायकोच्या छातीवर, आणि उस्तादांच्या छातीवर काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा, लोकांना दाखवण्यापुरता. फलकावर हिरवागार दिवा. "उस्ताद, पंचविशीतल्या पोराचं काळीज आहे तुमचं!" सिस्टर म्हणायची. हे ते घरी येऊन सांगायचे आणि नवराबायको पोट धरून हसायची.

चौथ्या महिन्यात एका मंगळवारी दिवा पिवळा झाला. दोन दिवसांनी पुन्हा. सिस्टरने उस्तादांना बोलावून घेतलं. "काम सुरू केलं की तुमचे ठोके अडखळतायत. जपा स्वतःला. आता लाल लागला तर माझ्या हातात काही नाही."

उस्ताद पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. आणि मग त्या दोघांनी जे केलं ते आठवलं की अजून डोकं फिरतं. त्यांनी उस्तादांच्या जेवणातलं मीठ कमी केलं. उस्तादांना लवकर झोपवायला सुरुवात केली. पाण्याच्या बादल्या, बाजाराच्या पिशव्या, गॅसचं सिलिंडर, सगळं बायकोने आपल्या अंगावर घेतलं. इतके दिवस दोघं एकाच काळजाच्या धास्तीत होती, की पट्टी कुणाच्या छातीवर आहे हेच दोघांच्या डोक्यातून गेलं.

"हल्ली जरा दम लागतो मला," पुढच्या बुधवारी पिशव्या खाली ठेवत ती म्हणाली.

"तुला? तुला काय धाड भरलीय!" उस्ताद म्हणाले. तीही हसली आणि कणीक मळायला बसली.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला घंटा वाजली. उस्तादांच्या नावापुढे लाल दिवा. भट्टीवाल्यांनी त्यांच्या हातातली फुंकणी काढून घेतली आणि त्यांना बाकावर आडवं केलं. सिस्टर धावत आली, तिच्यामागे स्ट्रेचर.

"अरे, मला काही झालं नाही!"

"सगळे असंच म्हणतात. पडून राहा."

उस्तादांनी छातीवर हात ठेवला. काळीज घाबरलं होतं, पण चाललं होतं चांगलं. मग कुणाचं? पट्टी तर बायकोच्या छातीवर होती. आणि त्याच क्षणी हेही मनात आलं की आता तोंड उघडलं तर भट्टी गेली, दोघांचीही नोकरी गेली. ते गप्प राहिले. फार नाही, चारपाच श्वास. सिस्टर बटणं काढायला वाकली तेव्हा त्यांनीच शर्ट टराटरा फाडला आणि तो काळा तुकडा उपटून तिच्या हातात दिला.

"खोटी आहे ही! खरी बायकोच्या अंगावर आहे. पॅकिंगच्या खोलीत जा, पळा!"

रिकामं स्ट्रेचर घेऊन सगळे आवार ओलांडून धावले. ती खोक्यांच्या थप्पीमागे पडली होती, एकटीच. घंटा वाजली तेव्हा तिथल्या बाकीच्या बायका उस्तादांना काय झालं ते बघायला भट्टीकडे गेल्या होत्या. अर्धवट गुंडाळलेला ग्लास तिच्या मांडीवर तसाच होता, न फुटलेला. सिस्टर गुडघ्यांवर बसून तिची छाती दाबत राहिली, खूप वेळ. मग तिने हात थांबवले आणि घड्याळात पाहिलं.

"परवा तू म्हणाली होतीस, दम लागतो," उस्ताद बायकोचा हात धरून पुन्हा पुन्हा सांगत होते. "ऐकलं होतं गं मी. ऐकलं होतं."