कळशीवाल्या बाई

बाईंच्या घरी पाहुण्याला नळाचं पाणी मिळे आणि झाडाला बॅटरीचं. कॉलनीत नव्यानं आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसायचा आणि मग व्हरांड्यातला तो प्लास्टिकचा डबा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की त्याला पटायचं. गाडीच्या बॅटरीत घालतात तेच पाणी. ते आणायचं काम माझ्या नवऱ्याच्या गळ्यात पडलं होतं, कारण तो खाणीच्या गॅरेजात इलेक्ट्रिशियन होता आणि बाईंना नाही म्हणण्याची त्याची हिंमत नव्हती.

माजरीकडची ती कोळसा खाणीची कॉलनी. मी लग्न होऊन तिथं आले ती वडशाहून. आमच्या वडशाला हिवाळा म्हणजे नाटकांचा हंगाम, घरात पाहुण्यांची ही गर्दी. इथं हिवाळा म्हणजे सकाळी वाळत घातलेलं पांढरं पातळ संध्याकाळी राखाडी होऊन हातात येणार. दुपारी ब्लास्टिंग झालं की मांडणीवरची भांडी थरथरत, आणि नवरा शिफ्टला गेला की दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढी ती भांडीच. मग मी शेजारच्या बाईंकडे जाऊ लागले.

बाई कॉलनीची बालवाडी चालवत. यजमान खाणीतच होते, छातीच्या दुखण्यानं लवकर गेले. एकुलता एक प्रकाश फौजेत, पार मेघालयात. एका सुट्टीत त्यानं दुधाच्या पावडरच्या डब्यात एक रोप आणलं. त्याच्या पानाच्या टोकाला दोरीसारखा देठ फुटे आणि देठाला झाकण असलेली हिरवी कळशी लटके. किडा-मुंगी आत घसरली की तिथंच विरघळून झाडाच्या पोटात जायची. पुस्तकात त्याला घटपर्णी म्हणतात. कॉलनीनं त्याला कळशी म्हटलं आणि बाईंना कळशीवाल्या बाई.

जाताना प्रकाश म्हणाला होता, "माय, पुढच्या सुट्टीत येईन तेव्हा याले नवी कळशी लागलेली दिसली पायजे." पोरं बोलतात तसं बोलून गेला. पण बाईंनी ते मनावर घेतलं. पुढची सुट्टी रद्द झाली, मग त्यानं तिकडेच लग्न केलं, मग येणं 'यंदा नाही, पुढच्या साली' असं होत गेलं. बाई म्हणायच्या, "त्याले तिथी काम राह्यते. पण झाड इथी आहे ना. पाहाले येईनच." झाड जगलं तर पोरगा येणार, असा तो सरळ हिशेब होता. त्यावर कोणाला हसवत नसे.

आणि एका उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडानं माना टाकल्या. पानं ओल्या फडक्यासारखी लोंबू लागली, कळशांच्या कडा काळ्या पडल्या. बाईंनी नळाचं पाणी दोन वेळचं चार वेळा केलं. पानं आणखी वाकली. समोरच्या काकूंनी मीठ-मिरच्या ओवाळायला आणल्या तेव्हा बाईंनी त्या हसत परत केल्या. "आमच्या घरी नजर-बिजर मानत नाई व. मिरच्या भाजीत टाका."

मग कोणीतरी शोध लावला, की अव, हे तर मांस खाणारं झाड, हे उपाशी आहे! झालं. आमच्या कॉलनीत रविवारी घरोघरी मटण शिजे आणि एकट्या माणसाकडे एक वाटी जायचीच. बाईंकडे तर चार-पाच घरच्या वाट्या यायच्या. त्या रविवारपासून प्रत्येक वाटीबरोबर एक फोड जास्तीची येऊ लागली. झणझणीत रश्श्यातली, तर्रीसकट. "हे तुमाले, अन् हे तिले," म्हणत बाया वाटी ठेवायच्या, फोड कळशीत सोडायच्या आणि पोळ्या करपतील म्हणून पळायच्या. बाईंनाही पटलं होतं. पोराच्या झाडाला उपाशी कसं ठेवणार?

दोन-तीन रविवारांतच व्हरांड्यात वास सुटला. कळशा सडल्या, एक तर हात लावताच गळून पडली. बाई झाडासमोर पाट घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. मी घाबरून म्हटलं, "बाई, आता काय करायचं?"

"बालवाडीत पोरगं रडते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी त्याले अजून खाऊ देत नाई. पहिले पाहातो, त्यानं काय काय खाल्लं."

मग त्यांनी कुंडी आडवी करून झाड बाहेर काढलं. मुळांना आंबूस वास, आणि मातीवर पांढरा थर, आमच्या नळाच्या पाण्यानं भांड्यांवर बसतो तस्साच. बाई बोटानं तो थर खरवडत राहिल्या. "पोरी, हे पानीच जहर आहे तिच्यासाठी." तेव्हा मला आठवलं, नवरा सांगायचा की बॅटरीत नळाचं पाणी घातलं तर क्षार धरून ती मरते, म्हणून तिचं पाणी वेगळं. मी धावत घरी जाऊन नवऱ्यानं ठेवलेला डबा घेऊन आले. बॅटरीच्या पाण्यानं मुळं धुतली. सडलेलं सगळं बाईंनी कात्रीनं कापून टाकलं. खत नाही, काळी माती नाही, नुसती नदीची वाळू, नारळाची शेंडी आणि विहिरीच्या कडेचं शेवाळ घालून झाड पुन्हा लावलं. आणि सगळ्या शेजारणींना निरोप गेला की आजपासून झाडाचं मटण बंद.

राहिला उन्हाळा. चंद्रपूरकडचा उन्हाळा माणसाला सोसत नाही, तिथं त्या डोंगरातल्या झाडाची काय कथा. बाईंनी कुंडी जाळीच्या खिडकीशी, माठाच्या गारव्याला ठेवली. खिडकीला ओलं गोणपाट लावलं, वरून उजेडापुरती फट ठेवली. गोणपाट सुकलं की भिजवायचं, पानांवरची कोळशाची धूळ फडक्यानं टिपायची आणि बाकी त्याला छेडायचं नाही. बाकीचा वेळ आम्ही दोघी नुसत्या बसायचो. त्या बालवाडीच्या गमती सांगत, मी वडशाच्या नाटकांच्या. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात रखरखीत उन्हाळा, आणि तोच मला सगळ्यात जास्त आठवतो.

अशाच एका दुपारी बाई म्हणाल्या, "तिले जेवन नाईच पायजे होतं व. हवेत ओल पायजे होती." थोडं थांबून हसल्या. "मलेही सारे वाटी देऊन जातात. बसत कोनी नाई."

पानं सावरायला पावसाळा उजाडला. पहिले दोन-चार पाऊस छपरावरची काळी धूळ धुवायला सोडून बाईंनी पुढचं पाणी घागरी-बाटल्यांत भरून ठेवलं. आणि दिवाळीच्या आसपास एका देठाचं टोक फुगलं. अंगठ्याएवढी कळशी आली, मग एका सकाळी तिचं झाकण उघडलं. बाईंनी बालवाडीला सुट्टी दिली, इतका आनंद!

त्याच हिवाळ्यात प्रकाश खरंच आला. बरोबर बायको आणि कडेवर लेकरू. बाईंनी त्याला चहासुद्धा होऊ दिला नाही, हाताला धरून खिडकीशी नेलं. तो बघत राहिला. "हे कोनतं झाड म्हणायचं, माय?"

मी बाईंच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. पण त्याची बायको पुढे आली. तिला आमची भाषा येत नव्हती, बाईंना तिची. ती खाली वाकली, कळशीचं झाकण बोटानं हळूच उचललं आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "ये तो हमारे पहाड़ का है. यहाँ कैसे जिंदा है?" आणि लेकराला मांडीवर घेऊन तिथंच फरशीवर बसली. बाई तिला गोणपाट दाखवत होत्या, शेवाळ दाखवत होत्या, आणि ती मान हलवत होती. दोघी तिन्हीसांज होईपर्यंत उठल्या नाहीत.

ती मंडळी परत गेली त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "पोरगा इसरला. पन सून बसली व." ते दुःख होतं की समाधान, मला तेव्हा कळलं नाही.

पुढं आमची बदली झाली. निघायच्या दिवशी सामान ट्रकवर चढत असताना बाई वाटी घेऊन आल्या. मी म्हटलं, "ठेवा बाई, गाडीत खाते." त्यांनी ठेवली नाही. बांधलेल्या वळकटीवर बसून राहिल्या, माझं खाऊन होईस्तोवर. मग रिकामी वाटी पदरानं पुसून घेऊन गेल्या.

बाई गेल्याचं मला फार उशिरा कळलं. झाडाचं काय झालं ते कोणालाच सांगता आलं नाही. क्वार्टर रिकामं करणाऱ्यांना ती एक कुंडी दिसली असेल, बस.

आता मी नागपुरात असते. खालच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहतात. रविवारी त्यांच्याकडे वाटी नेते, तेव्हा ते दारातूनच म्हणतात, "ठेव बेटा, जाय, तुले कामं असतील." मी खुर्ची ओढून घेते.