एक पिशवी, दोन चिठ्ठ्या

माझ्या आत्याला घरात सगळे ‘हेडऑफिस’ म्हणायचे. कपाट कुणी उघडलं, कात्री कुठे गेली, सगळ्यावर तिची नजर. रक्तपेढीतले कॉम्प्युटर सांभाळायचं काम तिला मिळालं तेव्हा आम्ही म्हटलं, आता तिथल्यांची खैर नाही.

पेढीत दोन खिडक्या होत्या, पण पिशव्यांच्या नोंदी एकाच खिडकीच्या मशीनवर. दुसऱ्या खिडकीतला कारकून दर वेळी ओरडून विचारायचा. आत्या त्या आरडाओरड्याला वैतागली. तिने नोंदींची फाइल उचलली आणि नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर नेऊन ठेवली. आता दोन्ही मशीनना तीच फाइल दिसू लागली. पेढीच्या डॉक्टरबाईंनी पाठ थोपटली आणि स्वारी हवेत गेली.

खरं तर एक मशीन लिहीत असलं की दुसऱ्यासाठी फाइलला कुलूप लागायला हवं. एकाच मशीनमध्ये ते चोख लागतं. नेटवर्कवरच्या डिस्कवर मात्र त्याचा भरवसा नाही. कधीकधी दोघांनाही ‘लिही’ म्हणून परवानगी मिळते. नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या माहितीत तसा इशारा होता. आत्याने तो वाचलाही होता. “दोनच तर खिडक्या आहेत, काय होतंय!” म्हणाली होती. तिच्या त्या ‘काय होतंय’चा मला अजून राग येतो.

एका दुपारी दुर्मीळ रक्तगटाची एकच पिशवी शिल्लक होती. दोन्ही खिडक्यांनी ती एकदमच मागितली आणि दोन्ही पडद्यांवर ‘नोंद झाली’ असं उमटलं. पहिल्या खिडकीने पिशवी रवानाही केली. दुसऱ्या खिडकीसमोर एक तरुण उभा होता. त्याच्या बायकोला बाळंतपणात रक्तस्राव थांबत नव्हता. पिशवी त्याच्या नावे झाल्याची चिठ्ठी हातात पडताच त्याने फोन लावला.

“आई, मिळालं रक्त. आता रडू नकोस. तिला सांग, मी निघालोच.”

इकडे फ्रीज रिकामा. आत्याने धडाधड फोन फिरवले. दुसऱ्या पेढीतली पिशवी यायला संध्याकाळ होणार होती, आणि तिकडे इस्पितळातले डॉक्टर तासभरही थांबता येणार नाही म्हणत होते. हे सगळं तिनेच मला सांगितलं, स्वतःची जराही गय न करता.

कारकून पुढे होईना. शेवटी आत्याच बाहेर गेली.

“दादा, ती चिठ्ठी जरा इकडे द्या.”

“सही राहिली का?” म्हणत त्याने हसून चिठ्ठी पुढे केली.