मिरजोळ्याच्या फाइलची चोरी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचाच कान पिरगाळावासा वाटतो. रत्नागिरीत मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. मंगळसूत्र खेचणारा असो की बोटीवरचं डिझेल पळवणारा, चोर मला चेहऱ्यावरून कळतो अशी माझी ठाम समजूत होती.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना होता. त्याचे व्यवस्थापक फिर्याद घेऊन आले. कपाटातली फाइल चोरीला गेली आणि संशय त्यांच्याच अकाउंटंटवर.

"एका फाइलसाठी एवढी धावपळ?" मी विचारलं.

त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. त्यांचा माल घेणारी परदेशी कंपनी म्हणजे त्यांचीच मूळ कंपनी. विक्री घरातल्या घरात, त्यामुळे भाव मुद्दाम कमी लावून नफा देशाबाहेर नेता येतो. म्हणून आयकराचा कायदा सांगतो की हाच माल परक्याला विकला असता तर काय भाव आला असता, ते कागदावर मांडून ठेवा. इथे कोण काय काम करतं, परदेशी तपासणीत मालाचा कंटेनर नापास झाला तर नुकसान कोणाचं, अशाच धंद्यातल्या इतर कंपन्या किती कमावतात, सगळं. तेही विवरणपत्राची मुदत येण्याआधीच तयार हवं. हीच ती ट्रान्स्फर प्रायसिंगची फाइल. खात्याने ती मागितली होती, दिलेली मुदत संपत आली होती आणि दिली नाही तर एकूण व्यवहारावर टक्केवारीने दंड होता.

मी मान डोलावली. निम्मं कळलं होतं. गुन्हा दाखल केला आणि अकाउंटंटला बोलावलं. तिशीतला, बुरोंडीच्या मच्छीमार घरातला, मांडवीला भाड्याने राहणारा. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "साहेब, फाइल नव्हतीच."

मी हवालदाराकडे बघून हसलो. "सगळे असंच म्हणतात रे बाबा."

सगळे असं म्हणत नाहीत. सगळे 'मी घेतली नाही' म्हणतात. 'नव्हतीच' म्हणणारा मला तोवर भेटलाच नव्हता. पण हा फरक डोक्यात शिरायला आधी डोकं रिकामं असावं लागतं, आणि माझं माझ्याच कौतुकाने भरलेलं होतं.

"साहेब, अकाउंटंटवर चोरीचा गुन्हा लागला की संपलं," तो म्हणाला. "उद्या मला दुकानाच्या गल्ल्यावरही कोण बसवणार नाही."

तेवढ्यात निनावी फोन आला. शनिवारी हा माणूस एक मोठा खोका घेऊन गावी गेला होता म्हणे. झालं! दापोली पोलिसांना कळवून, दोन पंच घेऊन मी बुरोंडी गाठली. पडवीत खोका होता, सुतळीने बांधलेला. अख्खी वाडी अंगणाच्या दगडी गडग्यावर जमली. मी ऐटीत सुतळी कापली आणि खोक्यातून वीस-पंचवीस कोंबडीची पिल्लं चिवचिवत अंगणभर पांगली. एक पंच ओरडून मागे सरला. अकाउंटंटची आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मांजर आलं तर भरून कोण देणार? सरकार?"

हवालदाराने पेन उघडून विचारलं, "साहेब, पंचनाम्यात काय लिहू?"

"दिसतंय ते लिही. आत्ताच लिही. उद्या आठवून लिहिलेल्या पंचनाम्याला कोर्ट कचऱ्यात टाकेल."

परतीच्या वाटेवर हेच वाक्य मला टोचू लागलं. त्या फाइलचा कायदाही हाच होता की! वेळच्या वेळी लिहायची. आम्ही पंचनाम्याला गेलो की निम्म्या गावाला कळतं. मग एवढी फाइल बनली ती कोणाला दिसली?

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. कोळंबी सोलणाऱ्या बायका, शीतगृहाचा सुपरवायझर, गोदामवाला, सगळ्यांना विचारलं, "तुम्ही काय काम करता, माल बिघडला तर कोण भरतं, हे विचारायला कधी कोणी आलं होतं?"

"नाय साहेब," एक बाई हसून म्हणाली. "तुमीच पयले."

आणखी एक गोष्ट आठवली. चोरी झालेला माणूस रोज ठाण्यात येऊन 'सापडलं का?' विचारतो. सायकल गेली तरी विचारतो. हे व्यवस्थापक दोनदा आले आणि दोन्ही वेळा त्यांना हवी होती एफआयआरची नक्कल.

मी दोघांना समोरासमोर बसवलं. व्यवस्थापकांना साधाच प्रश्न केला, "कंटेनर नापास झाला तर नुकसान कोणाचं, असं फाइलमध्ये लिहिलं होतं?"

त्यांनी उत्तरासाठी अकाउंटंटकडे पाहिलं. फिर्यादी उत्तरासाठी आरोपीकडे बघतो, हे मी सबंध नोकरीत पहिल्यांदाच पाहत होतो.

"त्यांच्याकडे काय बघता? फिर्यादीवर सही तुमची आहे."

मग व्यवस्थापकांचा बांध फुटला. फाइल कधी बनलीच नव्हती. नोटीस आली तेव्हा मागच्या तारखा घालून बनवायला त्यांनी अकाउंटंटला सांगितलं, त्याने साफ नकार दिला. तेव्हा कोणीतरी सुचवलं की नोटिशीच्या उत्तराला चोरीची एफआयआर जोडली तर निभावेल. चोरी म्हटली की चोर हवा. निनावी फोनही त्यांनीच करवला होता.

मी फाइल शोधत होतो आणि त्या फाइलच्या जागी लागणारा एफआयआरचा कागद मीच तयार करून दिला होता, शिक्क्यासकट. आणखी एक दिवस, आणि मी त्या निर्दोष माणसाला अटकही केली असती.

कोर्टात खोट्या फिर्यादीचा बी समरी अहवाल पाठवला, आयकर खात्याला कळवलं. अकाउंटंट आळातून सुटला. मी त्याच्या आईला सांगायला बुरोंडीला गेलो. तिने पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

"तुमी जीप घेऊन आलाव तवा अख्खी वाडी बघत होती. आता मला एकटीला सांगून काय?"

मग मी वर्दीत घरोघर हेच सांगत फिरलो. शेवटच्या घरात एक म्हातारबुवा जाळं विणत होते. सगळं ऐकून म्हणाले, "म्हंजे चोरी झालीच नाय?"

"नाही आजोबा."

"मग तुमी आलाव कशाला?"

पुढे निवृत्त होईपर्यंत चोरीची फिर्याद आली की संशयिताचं नाव ऐकण्याआधी मी फिर्यादीला विचारायचो, "ती वस्तू तुमच्याशिवाय आणखी कोणी पाहिली आहे?" काही जण चिडत. एकदोघे पाणी पिऊन येतो म्हणून गेले, ते परत आलेच नाहीत.