साहेबाच्या ट्रेमधले कोफ्ते

फक्रुद्दीनमामूंच्या मुलीची सोयरीक एका जेवणात मोडली, आणि त्या जेवणाला मी हजर होतो. भिंगारमध्ये त्यांच्या आणि आमच्या घराला एकच भिंत. लोक अजूनही ही गोष्ट हसत हसत सांगतात आणि माझं डोकं फिरतं, म्हणून एकदा नीट सांगून टाकतो.

मामू छावणीत कर्नलच्या बंगल्यावर खानसामा होते. बावीस वर्षं. साहेब बदलत गेले, मामू तेच राहिले. त्यांचा एक पदार्थ छावणीभर गाजलेला होता. खिम्याच्या कोफ्त्यांच्या पोटात चीजचा तुकडा भरायचा, ते तळायचे, उकडलेल्या मॅकरोनीच्या नळ्यांवर टोमॅटोच्या रश्शात मांडायचे, वरून पुन्हा चीज किसायचं आणि सगळं भट्टीत भाजायचं. मामूंनी स्वतः तो कधी चाखला नव्हता. बंगल्यावरचं मटण हलाल नसायचं, त्यामुळे बावीस वर्षं मीठमसाला नुसत्या अंदाजानं. साहेबाच्या नाश्त्याला डुकराचं मांसही तेच परतायचे आणि मग हात मातीनं घासघासून धुवायचे. सगळ्या भिंगारला हे ठाऊक होतं, पण छावणीची नोकरी मानाची, त्यामुळे कुणी तोंड उघडत नव्हतं.

सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात शेवटचा साहेब विलायतेला गेला. जाताना त्यानं मामूंना चीजचे चार डबे, मॅकरोनीची पुडकी आणि तो तामचिनीचा खोलगट ट्रे दिला. नोकरी गेली आणि हाती एवढं आलं. त्याच महिन्यात राहात्याहून मामूंच्या मुलीला, जहिराला, बघायला माणसं येणार होती. मुलाचं सायकलचं दुकान होतं. एका नात्यातल्या लग्नात जहिरानं त्याला पाहिलं होतं आणि तिच्या मनात तो भरला होता. बद्रुन्निसामामी म्हणाल्या, साधा पुलाव करू. मामू एरवी घरात चुलीला हात लावत नसत, पण त्या दिवशी हट्टाला पेटले. इतकी वर्षं परक्यांना खाऊ घातलं, आता माझ्या व्याह्यांना घालीन, म्हणाले.

त्यांनी डोळ्यांदेखत बोकड कापून घेतला. ट्रे सात वेळा माती लावून घासला. घरी भट्टी कुठली? ईदच्या आधी बायका नानकटाई भाजायला बेकरीत नेतात, तसा तो ट्रे घेऊन मामू शमशेरच्या बेकरीत गेले आणि पाव निघाल्यावर उरलेल्या आचेवर त्यांनी तो भाजून आणला. चेहरा इतका खुललेला होता की मी चेष्टा केली, मामू, लग्न जहिराचं की तुमचं?

बैठकीला मी शेजारी म्हणून होतो, तोही सरबतापुरता. आमच्या घरात त्यांच्याकडचं अन्न चालत नसे. हेही सांगितलेलं बरं, नाहीतर मी फार शहाणा ठरेन.

मुलाचे चुलते बाबाजान जेवायला बसले. कोफ्ता मोडला, आतून चीजची तार लांबली, ते हसले. दुसरा घेतला, तिसरा घेतला, बोटं चाटली. मामू वाढायला उभेच होते, त्यांनी अजून घास घेतला नव्हता. बाबाजानांनी सहज विचारलं, असलं भांडं कुठं मिळतं? दुसरा कुणीही बाजाराचं नाव सांगून मोकळा झाला असता. मामूंना साहेबाच्या भेटीचा अभिमान. कर्नलसाहेबानं दिलं, बंगल्यावर सगळं ह्यातच भाजायचो, असं त्यांनी सांगून टाकलं.

बाबाजानांचा हात थांबला. "सगळं म्हंजी? डुकराचंबी?"

मामूंनी एकदा आतल्या पडद्याकडे बघितलं. "व्हय. पर सात येळा माती लावून घासलाय. मटान हलालच हाय."

बाबाजान उठून अंगणात गेले आणि चुळांवर चुळा भरू लागले. पंगतीत मौलवी होते. त्यांनी समजावलं की धुतलेलं भांडं पाक, म्हणजे शुद्ध असतं, ह्यात काही गैर झालेलं नाही.

"भांडं पाक झालं आसंल, मौलवीसाब," बाबाजान म्हणाले. "त्या हातांचं काय? त्याच हातांच्या कमाईवर ही पोरगी वाढली."

लढाईच्या काळात ह्याच बाबाजानांच्या गाड्या छावणीला कांदे-बटाटे घालत होत्या. ती कमाई मात्र पाक. मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसलो. माझा शेजारधर्मही सरबतापुरताच होता, ह्याची मला आजही लाज वाटते.

पाहुणे गेले. मामींनी उरलेलं सगळं उकिरड्यावर ओतलं. जहिरा पडद्यामागून बाहेर आली ती थेट भांडी घासायला बसली.

पुढं दोन वर्षं कुणी तिला बघायला आलं नाही. मग खर्ड्याचा एक बिजवर मिळाला, वयानं दुप्पट, पदरात दोन मुलं. त्याच्या घरच्यांची अट एकच, मुलीच्या बापानं लग्नात स्वयंपाकाच्या देगेजवळ फिरकायचं नाही. आचारी ते स्वतः आणणार होते.

लग्नाच्या दिवशी मामू मांडवात माझ्या शेजारी बसले होते, अंगात नवा सदरा, दोन्ही हात मांडीखाली दाबलेले. मागे पुलाव शिजत होता. मध्येच त्यांनी मान वर केली. भात खाली लागतोय, म्हणाले. मला कसलाच वास येत नव्हता, आचारी तर खुशाल विडी ओढत होता. मी सांगायला उठलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"बस. म्हन्तील, बापानंच धाडलं."

आणि लेकीच्या लग्नाचा भात करपेपर्यंत ते तिथंच बसून राहिले.